बरणीतले वायसर

पनवेलच्या बाजारात फवारणीच्या पंपांचं एक दुकान आहे. काका लांबून येताना दिसले की तिथला दुकानदार नवे पंप पायानं काउंटरखाली ढकलायचा. कारण काका पंप विकत घ्यायच्या आधी तो उघडायचे. खिशातल्या छोट्या पकडीनं आतले वायसर एकेक करून बाहेर काढायचे, काउंटरवर ओळीनं मांडायचे, एखादा ताणून बघायचे, नाकाला लावायचे आणि विचारायचे, "हा रबर कसला?"

"काका, रबर म्हणजे रबर," दुकानदार म्हणायचा.

"तसं नसतं."

मग काका फक्त दोन वायसरांचे पैसे द्यायचे आणि पंप तिथेच ठेवून निघायचे. दुकानदार मागून विचारायचा की आता हा बिनवायसरचा पंप मी कोणाला विकू. काका सांगायचे, आठ दिवस थांब, मीच घेईन. एकदा ते आठ दिवसांनी खरंच गेले आणि विरघळून चिकट झालेले दोन्ही वायसर कागदाच्या पुडीत बांधून त्याला परत देऊन आले. पंप घेतला नाही. मी पिशवी धरून मागे उभी होते. माझीच मान खाली गेली, काकांना काही वाटलं नाही.

आम्ही सगळे त्यांच्या मागे त्यांना वायसरकाका म्हणायचो. खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. त्यांना आवडायचं नाही.

आमचं काम कसलं ते सांगते. पनवेलच्या आजूबाजूला डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं आहेत. बहुतेक ठिकाणी पोहायचा तलाव असतो आणि तलावाभोवती लाकडी फळ्यांचा मोठा ओटा असतो. मालक लोक त्याला डेक म्हणतात, म्हणून आम्हीही डेक म्हणतो. दोन पावसाळे गेले की फळ्या काळ्या पडतात, शेवाळ धरतं, वरचं पॉलिश पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. मग आमच्या शेठना फोन येतो. शेठ आमच्याच गावचे, कोन गावाच्या बाजूचे. जमिनीचे पैसे आल्यावर त्यांनी बरेच धंदे करून बघितले, त्यातला हा टिकला. गावाच्या नात्यानं मी त्यांची वैनी लागते. माझी धाकटी जाऊ आणि मी, दोघी त्यांच्याकडे कामाला होतो.

डेकला तीन औषधं लागतात. पहिलं जुनं पॉलिश उतरवायचं. ते दाट, पेजेसारखं असतं आणि तिघांत तेच वाईट. कातडीला लागलं की आधी नुसतं बुळबुळीत लागतं, कळेपर्यंत जाळलेलं असतं. दुसरी धुवायची पावडर, ती पाण्यात फेसाळते. तिसरं आंबट, त्यानं काळवंडलेलं लाकूड पुन्हा उजळतं. काका या तिघींना जावा म्हणायचे. थोरली, मधली, धाकटी. तिघींची भांडी वेगळी. थोरलीचा ब्रश धाकटीला द्यायचा नाही. मधलीला बंद पंपात कोंडून ठेवायचं नाही, ती फुगते आणि झाकण उडवते. काका हे अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. माझी जाऊ माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायची, कारण आम्हा दोघींची चूल एकच होती आणि आमचं झाकण रोज उडायचं.

काका तळोज्याच्या एका केमिकलच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथून रिटायर झाले आणि कोणाच्या तरी ओळखीनं शेठकडे आले. राहायला जुन्या पनवेलमध्ये. कामावर येताना शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं, पायात बंद बूट. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत नेहमी एक तरी बरणी. लोणच्याच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बरण्यांत ते औषध ओतायचे आणि त्यात वायसर, ब्रशचे केस, नळीचा तुकडा, हातमोज्याचं बोट असलं काहीबाही बुडवून ठेवायचे. घरी गॅलरीत कुलपाचं कपाट होतं, ते सगळं या बरण्यांचं. काकू एकदा मला म्हणाल्या, "आमच्याकडे लोणचं घालायला बरणी शोधावी लागते."

सकाळी भेटले की लोक रामराम म्हणतात. काका विचारायचे, "वायसर काय म्हणतोय?" पहिल्या दिवशी मला वाटलं हे कोणा माणसाबद्दल विचारतायत. मी घाबरून "बरं हाय" म्हटलं. काकांना ते उत्तर इतकं आवडलं की पुढे रोज ते मलाच विचारायचे.

मी कमी बोलते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, पहिल्यापासूनच. पण चौथीपर्यंत शिकले आहे आणि अक्षर मोठं, सुटं येतं. काकांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागायचं नाही. त्यांनी मला एकदा बरणीवर चिकटवायची चिठ्ठी लिहायला दिली. "काळा वायसर, थोरलीत, बुधवार सकाळ" असं मी लिहिलं. काकांनी ती चिठ्ठी लांब धरून वाचली, चष्मा काढून वाचली आणि त्या दिवसापासून सगळ्या बरण्यांवर माझं अक्षर आलं. त्यांच्या कपाटात माझ्या हातचं जेवढं लिहिलेलं होतं, तेवढं मी शाळेतही लिहिलं नसेल.

कामाला लागून तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. औषध मापायला काही नव्हतं म्हणून मी घरचं ॲल्युमिनियमचं पातेलं नेलं होतं. त्यात थोरली ओतली आणि पातेलं सूं सूं करायला लागलं. बुडबुडे आले, वाफ आली, आतून काळं पडलं. मी तशीच धरून उभी राहिले. सोडलं तर औषध सांडेल, धरलं तर काय होईल माहीत नाही, आणि कोणाला हाक मारायची तर तोंड उघडेना. काकांनी लांबून पाहिलं आणि चालत आले. धावले नाहीत. माझ्या हातातून पातेलं घेऊन बाजूला जमिनीवर ठेवलं, मला नळाखाली हात धरायला लावले. मला वाटलं आता घरी पाठवणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणला, आणि वेगळ्या पिशवीत माझ्यासाठी तेवढंच नवं पातेलं. म्हणाले, "पातेलं बरणीत मावत नव्हतं, म्हणून मी आधी बघितलं नव्हतं. चूक माझी."

ब्रशच्या बाबतीत मात्र ते इतके मऊ नव्हते. शेठनी एकदा स्वस्तात डझनभर ब्रश आणले, प्राण्याच्या केसांचे, दिसायला झकास. काका म्हणाले हे चालणार नाहीत. शेठ म्हणाले ब्रश तो ब्रश. काकांनी वाद घातला नाही. एक ब्रश थोरलीत उभा करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेठच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. नुसती लाकडी दांडी होती, केसांचा चिकट लगदा बरणीच्या तळाशी. तेव्हापासून दोघांत एक अढी बसली. जोरात पाणी मारायचं मशीन आणलं तेव्हाही तसंच झालं. त्यानं मऊ लाकडाचे धागे उभे केले, मालकीणबाईच्या पायात कुसळ गेलं, आणि काका नेमके त्याच दिवशी म्हणाले, "मी सांगितलं होतं." काकांची ती एक वाईट सवय होती. बरोबर असायचे आणि वर सांगायचेही.

एवढं का भिजवतात हे मी कधी विचारलं नाही. एकदा डबा खाताना त्यांनीच सांगितलं. कारखान्यात एक माणूस नळीसाठी वायसर मागायला आला होता. काकांनी कपाटातून काढून दिला. मापाला बरोबर होता, औषधाला नव्हता. दुपारी तो फुटला. त्या माणसाचा हात खांद्यापर्यंत भाजला. चौकशीत काकांचं नाव कुठेच आलं नाही. "सही माझी होती. पण कोणी बघितलीच नाही," एवढं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांची अर्धी पोळी तशीच राहिली होती.

आता ते खारघरला मुलीकडे असतात, अकराव्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे काम सोडलं. मुलीनं बरण्या आणू दिल्या नाहीत म्हणतात. कधीतरी फोन येतो आणि पलीकडून तोच प्रश्न. मी सांगते, बरं हाय.

आता त्या हिरव्या पंपाचं लिहिते. त्यासाठीच वही उघडली होती, आणि बाकीचंच लिहून झालं.

कर्नाळ्याच्या बाजूला एक फार्महाऊस होतं. डेक खूप मोठा, तलावाच्या तिन्ही बाजूंनी. रविवारी त्या घरच्या मुलीचं केळवण होतं आणि बाईंना त्याच्या आत डेक नव्यासारखा हवा होता. शेठनी शब्द दिला आणि बुधवारी नवा पंप घेऊन आले. पाठीवर घ्यायचा, बॅटरीवर चालणारा, सोळा लिटरचा, हिरवा. शेतात फवारणीला वापरतात तसला. त्यांचं म्हणणं, ब्रशनं लावायला दोन दिवस जातात, हा पाठीवर मारला की थोरली अर्ध्या दिवसात लागेल.

काकांनी पंप उघडला. त्यात एक जादा वायसर होता, तो संध्याकाळी बरणीत घातला आणि म्हणाले, शुक्रवारी सांगतो.

गुरुवारी सकाळी डेकवर दोघांचं वाजलं. शेठ म्हणाले शुक्रवारपर्यंत थांबलो तर रविवारी बाई मला तलावात बुडवतील. काका म्हणाले हा पंप मी असेपर्यंत कोणाच्या पाठीवर चढणार नाही. शेठचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते आम्हा सगळ्यांसमोर बोलले:

"काका, आज दिवसभर पंप चालवतो. गळला तर यापुढं तुमी सांगाल ते सामान, मी तोंड उघडणार नाय. नाय गळला तर उद्यापासनं तुमी घरी बसा आणि वायसर भिजवा."

काकांनी पिशवी उचलली. म्हणाले, घरी जाऊन बरणी घेऊन येतो, मी येईपर्यंत हात लावू नका. आणि गेटबाहेर रिक्षा शोधायला गेले.

ते दिसेनासे झाले तसं शेठ माझ्याकडे वळले. औषध कालवायचं काम माझंच असायचं. म्हणाले, "वैनी, भरा आणि घ्या पाठीवर. काकांचं काय मनावर घेऊ नका."

मला नाही म्हणता आलं नाही. गावातला माणूस, रोजगार देणारा, आणि समोर उभा. मी पदर सारखा केला आणि पंप घेऊन मागच्या नळावर गेले. तिथे थोरलीचा डबा होता, मापाचा मग होता, सगळं होतं. काकांची शिस्त अशी की कुठलाही पंप आधी साध्या पाण्यानं चालवून बघायचा. मी पाणी भरलं. सोळा लिटर. मग डब्याचं झाकण उघडलं, आणि माझी पाठ नुसत्या विचारानं गार पडली. मी झाकण परत लावलं. पंप तसाच पाठीवर घेतला आणि डेकवर जाऊन पाणी मारायला लागले.

शेठना औषधाच्या वासानं डोकं धरतं, म्हणून ते काचा लावून गाडीत बसले होते. लांबून त्यांना फवारा दिसत होता. मी फळीमागून फळी, कोपरा न सोडता, अगदी मन लावून मारत होते. माझी जाऊ मागून ब्रशनं घासत येत होती. थोड्या वेळानं ती थांबली, फळीवर बोट फिरवलं, वास घेतला.

"गो, हे तर नुसतं पानी हाय."

"गप. घास."

ती घासायला लागली. तिनं इतक्या जोरात घासलं की बघणाऱ्याला वाटावं पॉलिश निघतंयच. पंप रिकामा झाला की मी नळावर जायचे, भरून आणायचे. दोन तास आमचं हे चाललं. मी पुढचा काहीच विचार केला नव्हता. शेठना नाही म्हणायचं नव्हतं आणि काकांचं मोडायचं नव्हतं, त्यातून जे सुचलं ते केलं होतं.

मग शेठ गाडीतून उतरले. खूश होते. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी काकांना लावला. "काका, दोन तास झाले. वैनींच्या पाठीवर हाय पंप. एक थेंब गळला नाय. आता उन्हाचं येऊ नका, घरीच आराम करा. उद्यापासनं पन आरामच."

पलीकडून काकांनी काहीतरी ओरडून म्हटलं, पण आवाज तुटला आणि फोन बंद झाला.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले आहे. पाण्यानं वायसरला काय होणार होतं. पंप संध्याकाळपर्यंत असाच चालला असता आणि काकांचं काम माझ्या पाण्यानं गेलं असतं. मला तिथल्या तिथे सांगायचं होतं. शेठ चार हातांवर होते. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि अजून एक फळी मारली. असं तीन वेळा केलं. जाऊ मागून कोपरानं ढोसत होती.

गेटवर रिक्षा थांबली. ती घरून निघालेली असणार, फोन वाटेतच लागला होता. काका उतरले ते एका हातात बरणी धरून. त्यांनी मला पाहिलं. उन्हानं आणि बेल्टखाली साचलेल्या घामानं माझ्या कामाच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती. काकांना ती ओली पाठ दिसली.

बरणी त्यांनी गेटपाशीच जमिनीवर ठेवली आणि धावले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, बंद बूट, तसेच आले, पंपाचे बेल्ट ओढून काढले, माझा दंड धरला आणि काही कळायच्या आत मला घेऊन तलावात उतरले. उतरले म्हणजे आम्ही पडलोच. उथळ बाजू होती, कमरेएवढं पाणी. माझे गमबूट भरले, साडी फुगून वर आली. काका दोन्ही हातांनी माझ्या पाठीवर पाणी मारत होते आणि ओरडत होते, "डोळे मीट. डोळे उघडू नको. जळतंय का? कुठे जळतंय?"

बंगल्याच्या बाई गॅलरीत आल्या. शेठ धावत काठाशी आले. सगळे बघत होते. मी डोळे मिटले होते, त्यामुळे कोण कोण बघतंय ते मला दिसत नव्हतं. म्हणून आवाज निघाला असेल.

"काका, पानी हाय ते. पंपात सकाळपासनं नुसतं पानी हाय. मी औषध घातलंच नाय."

काकांचे हात थांबले. "एकदाही नाही?"

"नाय."

मी डोळे उघडले. काका तलावाची कड धरून उभे होते, चष्मा नाकावरून लोंबत होता. ते हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. चेहरा ओलाच होता.

शेठ म्हणाले, "वैनी, मला फसवलंत तुमी." मग त्यांनी बाईंकडे वर पाहिलं, आणि तलावात औषध गेलं नाही ना, हा बाईंचा प्रश्न दोनदा ऐकून घेतला. नाही, नाही, म्हणाले. पण पैज त्यांनी सोडली नाही. आता खरं औषध घाला, म्हणाले, आणि होऊ द्या काय ते.

काकांनी स्वतः हातमोजे घालून थोरली भरली. पाठीवर घ्यायला कोणाला दिली नाही. प्लास्टिकची एक खुर्ची मोठ्या टबात उभी केली आणि पंप खुर्चीच्या पाठीला टांगला. माझ्या जावेनं माझा निळा शर्ट आधीच पिळून त्या खुर्चीला घातला होता. तिला विचारलं तर म्हणाली, वाळत घातलाय. नळीचं तोंड औषधाच्या बालदीत सोडून काकांनी पंप चालू केला, बालदी भरली की तेच औषध ते परत पंपात ओतायचे, आणि आम्ही सगळे सावलीला बसून खुर्चीकडे बघत राहिलो. मला बाईंनी आतून कोरडा गाऊन पाठवला होता, तो घालून मी सगळ्यात मागे बसले. काका ओल्या कपड्यांतच होते. त्यांनी बरणीतला वायसर चिमट्यानं काढून दाखवला. फुगून वड्याएवढा झाला होता आणि चिमट्यातच तुटला. शेठ म्हणाले, बरणीतलं बरणीत, पंपातलं बघू.

बारा वाजले. भाकरी खाऊन झाली. एक वाजला. पंप घुरघुरत होता आणि शर्ट कोरडा. शेठनी पाय लांब केले. काका खुर्चीवरून नजर हटवत नव्हते. एवढा वेळ मी कधी काही गळायची वाट पाहिली नव्हती.

दोन वाजून गेले तेव्हा नळीच्या सांध्यापाशी एक थेंब आला. तो पडला नाही, तिथेच राहिला. मग दुसरा त्याला मिळाला आणि दोन्ही मिळून शर्टावर उतरले. मग धार लागली. बारीक, दोऱ्यासारखी, आवाज न करता. बघता बघता शर्टाच्या कमरेपाशी निळा रंग सुटायला लागला आणि खालच्या टबात निळसर पाणी गोळा झालं.

शेठ उठून जवळ गेले. पंपाकडे त्यांनी पाहिलं नाही, शर्टाकडे पाहत राहिले. मग मागे वळून मी कुठे बसले आहे ते शोधलं.

"काका," ते म्हणाले, "सामान सांगा."

काका एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. त्यांनी पंप बंद केला आणि सामान सांगितलं. थोरलीला पंपच नको. नायलॉनचे रुंद ब्रश, लांब दांड्यांचे, सहा. पसरट प्लास्टिकचे टब दोन, पत्र्याची बालदी नको. पंप फक्त मधलीला आणि धाकटीला, वेगवेगळे, हातानं हवा भरायचे, तेही जुने तपासलेले. सगळे मिळून लावू, शनिवारी संध्याकाळी डेक वाळलेला असेल. शेठनी फोनमध्ये लिहून घेतलं.

मग काका माझ्यावर रागावले. तोपर्यंत त्यांना वेळच झाला नव्हता. शेठना सरळ नाही का म्हटलं नाहीस, असं विचारत होते. मी मान खाली घालून सांगितलं की मला येत नाही म्हणायला.

"मग म्हणून बघ," काका म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

शेठ हसायला लागले, पण माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वैनी, पंप पाठीवर घेता काय?"

"नाय," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले. ते अगदी जवळ उभे होते.

"नाय घेणार."

माझी जाऊ मागे ब्रशावर हात ठेवून लोटपोट हसत होती. शेठनी मान हलवली, "बरं," म्हणाले, आणि ब्रश आणायला गाडीत बसले.